बहिर्वक्र भिंगाचं गणित

दहावीत माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण बिहारहून आली होती. तिचे वडील सणसवाडीच्या एका कारखान्यात होते. भिंगांची गणितं तिला झटकन जमायची, पण मराठीतला प्रश्न कळायचा नाही. मला प्रश्न कळायचा, चिन्हं मात्र हमखास चुकायची. मग मधल्या सुट्टीत मी तिला प्रश्न हिंदीत सांगायचे आणि ती माझी चिन्हं दुरुस्त करायची. बाकी गप्पा मात्र माझ्या गावाकडच्या मराठीतच चालायच्या.

एकदा सरांनी तिला फळ्यापाशी बोलावलं. तिनं बहिर्वक्र भिंगाचा प्रश्न स्वतः वाचला, सोडवला आणि वर्गाकडं वळून म्हणाली, "वस्तू डावीकडं हाय, म्हंजी अंतर वजा घ्यायचं."

सर हसले. "अशी मराठी कुठं शिकलीस गं?"

तिनं माझ्याकडं बोट केलं. पहिला नंबर आल्यावरही वाटला नसता, इतका अभिमान मला तेव्हा वाटला.