ताईला आणायचं लक्षात ठेव

त्या दिवशी इंग्रजीच्या मास्तरांनी वर्गाला 'रिमेंबर' शिकवलं. नुसतं आठवणं वेगळं आणि वेळेवर आठवून काम करणं वेगळं, हे डोक्यात शिरावं म्हणून त्यांनी घरचंच वाक्य इंग्रजीत फळ्यावर लिहिलं: 'चार वाजता ताईला दवाखान्यातून आणायचं लक्षात ठेव.' वीसदा घोकून घेतलं, अडखळला त्याला बाकावर उभं केलं. मग स्वतः खुशीत घरी जाऊन चक्क ताणून दिली.

सहाला जाग आली, तेव्हा दाराशी ताईच्या चपला नव्हत्या. मास्तर अनवाणीच धावले.

थोरली बहीण दवाखान्याच्या बाकावर एकटीच होती. चाहूल लागताच म्हणाली, "तास लांबला ना रे? दमला असशील."

"हो," मास्तर पुटपुटले.

ताईच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती, तरी त्यांना तिच्याकडे बघवेना.