सगुणाने जोडलेली तार

"तारांवर हात ठेव," सगुणा म्हणाली.

राघोने गिटारीच्या तारांवर हात ठेवला. गिटारीचा आवाज मोठा करणारा डबा घुंऽऽ करतच राहिला, गोणीत भुंगा कोंडल्यासारखा.

"आता गितारीत वायर खुपसतंस तिथल्या पत्र्याला बोट लाव."

लावलं. डबा गप्प.

"बगलास? पत्रा अर्थिंगला हाय, तारा नाय. मदली तार सुटली."

"वयनी, सांजच्याला हलद हाय. व्हईल ना?"

"गितार रडतंय त्येच पुरं. तू नको रडूस."

कोलशेतच्या कोळीवाड्यात सगुणाचा ओटा म्हणजे इस्पितळ. मिक्सर, टेप, भोंगे तिथं मरायला यायचे आणि बहुतेक जगून जायचे. वागळे इस्टेटीत रेडिओच्या कारखान्यात तिने नऊ वर्षं वायरींना कथलाचे डाग दिले. पंच्याऐंशी साली कारखान्याला टाळं लागलं. बरोबरच्या बाया मासळीच्या पाट्या घेऊन बसल्या, ही डाग द्यायची कांब घेऊन बसली. बाजारात टोमणे ऐकू यायचे, कोळणीची जात आणि हाताला कथलाचा वास. तिने कधी हात धुऊन दाखवले नाहीत.

राघो तिचा धाकटा दीर. कल्याणहून एकाची जुनी गिटार, तिच्या डब्यासकट, घेऊन आला होता आणि काळुरामच्या गाण्याबजावण्याच्या पार्टीत वाजवायचा, गायचाही. दोन हळदींत गिटारीने बोंब मारली. तिसऱ्यांदा मारली तर घरी बस, असं काळुरामने सांगून ठेवलेलं. आज शेजारीच दामाजीच्या अंगणात मांडव होता.

तिने गिटारीची पाठ उघडली. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने स्क्रू हिरवे पडलेले. तारा जिच्यावर ताणतात त्या लोखंडी घोडीकडे जाणारी बारीक वायर अर्ध्यातच संपली होती. टोकाला काळी पट्टी गुंडाळलेली. तिने पट्टी नखाने सोलली, दोन टोकं चकचकीत केली, डाग दिला. डबा लावला. घुं गेलं.

काळुराम आला, ऐकलं, मान हलवली. "कोलनीच्या हातात जादू हाय." डबा उचलून तो मांडवात गेला, मागोमाग गिटार घेऊन राघो.

सगुणाने शेजारच्या शेवंतीचा दुरुस्तीला आलेला मिक्सर पुढ्यात ओढला. कामाच्या फळीवर ती सोललेली पट्टी चिकटली होती. ती उपटून टाकायला गेली आणि हात थांबला. वायर गंजून तुटली तर टोक कुजकं असतं. मघाचं टोक तर सुरीने कापल्यासारखं सरळ होतं. आणि तुटक्या वायरला पट्टी कोण गुंडाळतं?

कुणीतरी मुद्दाम तोडली होती. तारांना करंट येत होता म्हणून.

ती टेस्टर आणि होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब उचलून पदर खोचत पळाली.

मांडवात तीन तख्तं बांधली होती. राघो गिटार गळ्यात घालून माईककडे वाकत होता.

"राघो, तोंड लावू नको."

तो वाकलेलाच राहिला.

"माईकला शिवू नको. तारांवरना हात काढ. मागं सर."

"काय झाला गो?" काळुराम तख्ताखालून म्हणाला. "आता गितार मारील काय? तुज्या डोक्याला कथलाची वाफ लागली."

सगुणाने टेस्टर तारेला टेकवला. आतला दिवा लाल झाला. "डब्याची पिन उलटी घातलीस?"

"बोर्ड ढिला, उलटीच बसती. दोनच पाय हाईत, कशीबी घाल."

तिने बल्बची एक वायर तारेला धरली, दुसरी माईकच्या जाळीला. बल्ब भगभगून पेटला. दामाजीच्या दारात हळद वाटणाऱ्या बायांचे हात थांबले. राघोने पट्टा डोक्यावरून काढला, गिटार तख्तावर ठेवली आणि पँटीला हात पुसत बसला.

"मना तर कंदी करंट लागला नाय," काळुराम हळू बोलला.

"तू गातंस काय? तारा अन् माईक एकदम यो धरतो. आधीच्या मालकाला कललं, त्यानं तार तोरली. मना नाय कललं, मी जोरली. पिन काढ."

तिने डबा उघडला. वायर आत शिरते तिथं पत्र्याच्या धारेने तिचं रबरी कातडं खाल्लेलं, तांबं पत्र्याला टेकलेलं. ओट्यावर पिन सरळ बसली म्हणून निभावलं होतं.

"नवी जोरलेली तार परत काप ना," काळुराम म्हणाला. "मानसां येतील आता."

"कापली का परत घुं. डबा तर तसाच मारका र्‍हाईल."

खराब तुकडा तिने छाटला. भोकाला सायकलच्या ट्यूबची रबरी कड बसवली, तिहेरी वायर घातली आणि तिचा तिसरा पदर डब्याच्या पत्र्याला आणि माईकच्या मशीनच्या अर्थिंगला बांधला. पिन सरळ घातली, बल्ब धरला. काळा. उलटी घातली. काळा.

राघो उठेना.

सगुणाने चपला काढल्या, तख्तावरून उतरून शिंपडलेल्या ओल्या जमिनीवर उभी राहिली. गिटार मागून घेतली. डाव्या पंजाने सगळ्या तारा धरल्या. उजवा हात माईकच्या जाळीवर ठेवायच्या आधी तिने एकदा श्वास घेतला, मग ठेवला.

काही झालं नाही. ती दहा मोजेपर्यंत तशीच उभी राहिली.

"घे," ती म्हणाली. राघोने गिटार घेतली. पट्टा गळ्यात घातला.

"वयनी, मंग आदी सांगाला..."

"आदी मनाच ठावं नवता. वाजव."

ओट्यावर मिक्सर पडलाच होता. शेवंती दोनदा येऊन गेली होती, मसाला अडलेला. मोटरचा कार्बन ब्रश झिजलेला. सगुणाने चष्मा पुसला आणि पेटीत नवा शोधायला लागली.