कैतूचा खडक

तेउरियाचा नवरा कैतू समुद्रावर गेला तो परत आलाच नाही. त्याची उलटी पडलेली होडी तेवढी सापडली, एका घुमटासारख्या पोवळ्याच्या खडकावर तरंगताना. तोच खडक नवऱ्याची कबर, असं तेउरियानं ठरवून टाकलं. पाद्रीबाबा कुरकुरले, पण ही बाई कुणाचं ऐकणाऱ्यातली नव्हती. दर रविवारी प्रार्थना आटोपली की नणंद अबितई होडी सांभाळायची आणि तेउरिया बुडी मारून खडकाला हात लावून यायची. खडकाच्या खाचेत निळ्या ओठांचा मोठा शिंपला होता, त्यावरून तो हमखास ओळखू यायचा.

त्या वर्षी आमच्या किरितिमाती बेटावर पाऊस कोसळला. एरवी थेंबाथेंबाला महाग आम्ही. आता विहिरी तुडुंब भरल्या, माड तरारले. सभाघरात नाच सुरू झाला. मासेमारी खात्यातला तिओने तेवढा तोंड पाडून बसला होता.

"पूर्वेचा वारा मंदावलाय," तो म्हणाला. "त्यानं पश्चिमेला रेटून ठेवलेलं गरम पाणी इकडे सरकलंय. ढगही त्याच्याच मागून आलेत. आता हे पाणी लवकर हलायचं नाही."

"मग राहू दे की! पाहुण्याला कुणी हाकलतं का?" कुणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले. मीही हसलो, मूर्खासारखा.

एका रविवारी तेउरिया पाण्यातून वर आली ती ओरडतच.

"वन्सं, तो उजळलाय! जांभळा झालाय, आत दिवा ठेवल्यासारखा!"

"या वयात नटायचं सुचलं होय माझ्या दादाला?"

कैतू बोलावतोय, अशी तिची खात्रीच पटली. ती रोज जाऊ लागली. पोवळी उष्म्यानं होरपळली की कधीकधी मरता मरता असे रंग उजळतात, हे तिओनेनं तिला सांगून पाहिलं. तिनं त्याला दारातूनच वाटेला लावलं.

मग रंग गेला. खडक हाडासारखा पांढरा पडला, आणि एकटा तोच नाही, नजर पोचेल तिथवर सगळे. पूर्वी बुडी मारली की तव्यावर मोहरी तडतडावी तसा खडकातल्या बारक्या जिवांचा आवाज चहूकडून यायचा. आता पाण्याखाली काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. तेउरियाला भीती वाटली, तरी ती जात राहिली. शिंपला उघडाच पडला होता, आत काहीच नव्हतं.

पुढे वादळी लाटांनी तिला काही आठवडे किनाऱ्यावरच अडकवलं. समुद्र निवळल्यावर दोघी गेल्या. तेउरियानं बुडी मारली. खाली सगळ्या घुमटांवर तपकिरी शेवाळाची लव चढली होती, खाचाही बुजल्या होत्या. आंधळ्यासारखी ती एकेकाला चाचपत गेली. दम संपला की वर यायची, पुन्हा खाली जायची.

"सापडला का गं?" अबितईनं विचारलं.

तेउरियानं होडीची कड धरली. "वन्सं, सगळे सारखेच दिसतात हो. मला तो ओळखूच येईना."

कैतू गेला तेव्हा तिनं टिपूससुद्धा गाळलं नव्हतं. त्या दिवशी, होडीला लटकून, ती नवरा मेल्यासारखी रडली.