आत्याबाईंची थंड हवा

लग्नानंतरचा दुसरा उन्हाळा होता. पुण्यात आमच्या खोलीवर पत्रा होता आणि मे महिन्यात दुपारी तिथं बसवत नसे. अशात ह्यांच्या आत्याबाईंचा मुंबईहून निरोप आला, लोणावळ्याला बंगला घेतलाय, दोघं पंधरा दिवस या. मी आजवर कुठं हवा खायला गेले नव्हते. माहेरी सुट्टी म्हणजे आजोळ, एवढंच. मी हरखून गेले.

आत्याबाई बंगल्याच्या पायरीवरच उभ्या होत्या. मी वाकून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "आलीस ते बरं झालं. आचारी परवा पळाला. आधी चहा टाक, मग डाळ शिजत ठेव."

मला वाटलं, एखाद्या दिवसाचा प्रश्न आहे. पण दुसरा आचारी कुणी शोधलाच नाही. दोन्ही वेळा घरभर माणसांचं रांधायचं मी, आणि आत्याबाईंच्या दोघी सुना वऱ्हांड्यात वेताच्या खुर्च्यांवर शाली पांघरून बसायच्या. हे आतेभावांबरोबर पत्ते कुटत.

"मला इथं स्वयंपाकाला बोलावलंय का?" मी एकदा ह्यांना विचारलं.

"घरच्या माणसाला काम सांगितलं तर काय बिघडलं?" म्हणाले, आणि परत डावावर जाऊन बसले.

पाणी भरायला कुसगावची एक बाई यायची. तिचाही सगळा राग माझ्यावरच. "आमच्या हिरीला तळ दिसतोय अन् तुमी लोक अंगुळीला दोन दोन हंडे वतता. कशापायी येता हितं?" तिला काय सांगणार?

एके सकाळी सगळे कुरवंड्याकडे दरी पाहायला निघाले. मी अंधार असतानाच उठून पुऱ्या तळल्या, भाजी केली, डबे बांधले आणि लुगडं बदलून बाहेर आले. दारात दोन टांगे उभे होते. आत्याबाईंनी माझ्या हातातले डबे घेतले.

"जागा नाहीये. आणि घरी कुणीतरी हवंच. दरी म्हणजे काय, खड्डा असतो नुसता."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि टांगेवाल्याला म्हणाले, "चल."

मी दाराला कुलूप घातलं. पाणीवाली घरी निघाली होती. तिला दरीची वाट विचारली.

"माज्या मागं या. पर मी थांबायची न्हाई."

ती थांबली नाहीच. तिच्या गावाजवळ आल्यावर हातानं रस्ता दाखवला आणि मागं न बघता निघून गेली. ऊन चढलं. चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा चपला हातात घेतल्या आणि चालत राहिले. रागानं पाय आपोआप उचलत होते.

पोचले तेव्हा झाडाखाली सगळे जेवत होते. मी आधी कड्यापाशी गेले. वारा असा की पदर धरवत नव्हता. खाली दाट रान, त्यापलीकडे निळसर धुरकट कोकण. डोळे भरून पाहते तोच मागून आत्याबाईंचा आवाज आला.

"बंगला उघडा टाकून आलीस?"

"कुलूप लावलंय." मी किल्ली त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"आणि रात्रीच्या स्वयंपाकाचं काय?"

"ज्याला भूक लागेल त्यानं करावा. मी पाहुणी म्हणून आले होते, आत्याबाई. मोलकरीण म्हणून नाही."

धाकटी सून फिसकन हसली. आत्याबाईंचा चेहरा लाल झाला. "शेवटी भिकाऱ्याच्या घरची पोर!"

हे पानावरून उठले. मला वाटलं, माझ्या बाजूनं बोलतील.

"आत्याच्या पाया पड," ते म्हणाले. "माफी माग."

"नाही पडणार."

दुसऱ्या दिवशी माझी ट्रंक हमालाच्या डोक्यावर देऊन मी एकटी स्टेशनवर आले. निघताना कुणी अडवलं नाही. मळवलीचं स्टेशन मागं पडलं तसा डब्यात गरम वारा यायला लागला, आणि मला त्या झळासुद्धा बऱ्या वाटल्या.

हे आपले पंधरा दिवस पुरे करूनच परतले. कितीतरी दिवस आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. मग एकदा जेवताना ह्यांनी आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं आणि संसार पुन्हा सुरू झाला. आत्याबाईंनी मला परत कधी बोलावलं नाही. त्या गेल्या तेव्हा हे एकटेच मुंबईला जाऊन आले. माफी मागायला सांगितलं ते चुकलं, असं ह्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. मीही ते विसरले नाही.