साडूंचा किल्ट

जगातली कुठलीही वस्तू घरच्या घरी आणि निम्म्या पैशात होते, फक्त ती तशी होऊ नये म्हणून समस्त दुकानदारांनी एकी केलेली आहे, यावर माझ्या साडूंइतकी अढळ श्रद्धा असलेला दुसरा माणूस देवाने घडवला नसावा. घडवला असलाच तर अमिरातीत तरी पाठवला नाही. एवढ्याशा देशाला दोन झेपले नसते. ते अल ऐनला एका बांधकाम कंपनीत इंजिनियर आणि मी दुबईत, अल क्वोजच्या एका गोदामाच्या ऑफिसात. त्यांची बायको ही माझ्या बायकोची ताई, म्हणून ते थोरले साडू आणि मी धाकटा, आणि हा थोरलेपणाचा मान त्यांनी एक दिवसही फुकट जाऊ दिला नाही. एसीचं टपकणारं पाणी नळीने वळवून त्यांनी बाल्कनीत अळू लावलं होतं आणि भर वाळवंटात आम्हाला त्याच्या वड्या खायला घातल्या होत्या. 'यल्ला', 'खलास' आणि 'हबीबी' एवढ्या तीन अरबी शब्दांच्या भांडवलावर ते अख्ख्या बाजारात घासाघीस करत. "भाषा जितकी कमी येते तितका भाव जास्त उतरतो," असं वर मलाच शिकवत. फ्रिज घ्यायच्या आधी त्यांनी इतकी चौकशी केली की चौकशी संपेपर्यंत कंपनीने तो फ्रिजच काढायचा बंद केला. तोवर ताई बिचाऱ्या शेजारणीच्या फ्रिजमध्ये दूध ठेवत होत्या.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाशेवटाची गोष्ट. दिवाळीच्या तोंडावर ताईंचा सोऱ्या मोडला. शेजारून आणते म्हणाल्या, तर हे म्हणाले, "सोऱ्या म्हणजे काय, दट्ट्या आणि नळी! ते तर माझ्या साइटवर पडलेलं असतं." खिडक्यांच्या फटीत लेप भरायची एक हातबंदूक असते, ती त्यांनी कोरी करकरीत आणली, गरम पाण्याने तीनदा धुतली आणि तिच्यात भाजणीचं पीठ भरलं. पहिला घाणा, खोटं कशाला बोलू, सोऱ्यापेक्षा सुबक निघाला. दुसऱ्याला बंदूक अडली. हे कढईवर वाकून जोर लावायला गेले, आणि पिठाचा मोठा गोळा धपकन तेलात पडून उकळतं तेल त्यांच्या दोन्ही मांड्यांवर आलं.

यात हसण्यासारखं काही नव्हतं. हॉस्पिटलात साडूंच्या दोन्ही मांड्यांना पट्ट्या बांधलेल्या होत्या. मल्याळी डॉक्टर भला माणूस होता. तो म्हणाला, जखमा भरतील, पण नवी कातडी नाजूक असते, दोन-तीन महिने पँटचं नाव काढू नका. इकडे रजा संपत आली होती. त्यातून त्यांच्या ऑफिसात नवा स्कॉटिश साहेब आला होता आणि येताच त्याने दोन जणांच्या हातात परतीचं तिकीट ठेवलं होतं. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की कंपनीचं घर गेलं. आणि त्यांची मुलगी, आमची चिनू, दहावीत. बोर्डाची परीक्षा चार महिन्यांवर. "पोरीचं वर्ष जाईल गं," म्हणून ताई रोज फोनवर माझ्या बायकोपाशी रडायच्या, आणि फोन ठेवला की माझी बायको माझ्यापाशी.

साडू मात्र पलंगावर पडून विचार करत होते. लुंगी बाद, ऑफिसचा वॉचमनच आत सोडणार नाही. अरबांचा पायघोळ कंदुरा घाला म्हटलं, तर म्हणाले, "छे! तो इथल्या लोकांचा मान. आपण पाहुण्यांनी तो घालून हिंडणं शोभत नाही." ऑफिसचा नियम होता वेस्टर्न फॉर्मलचा. आणि एक दिवस त्यांचा मला गोदामात फोन आला. "अरे, आमचा साहेब पार्टीला काय घालून आला होता, सांगितलं होतं ना? किल्ट! वेस्टर्न आहे की नाही? फॉर्मल आहे की नाही? शिवाय घागऱ्यासारखा ऐसपैस. मी रोज किल्ट घालणार."

"भाऊ, आधी साहेबाला विचारा तरी."

"विचारलं की लोक नाही म्हणतात. घालून गेलं की काय म्हणणार?"

त्याला वाटलं तुम्ही त्याच्या पोशाखाची टिंगल करताय तर, असं मी चाचरत म्हटलं. त्यांनी फोन ठेवून दिला.

शुक्रवारी ताईंची एक जुनी साडी लुंगीसारखी गुंडाळून, मागच्या सीटवर आडवे पडून, टॅक्सीने स्वारी दुबईत दाखल. आधी आम्ही एका बड्या दुकानात गेलो. तिथे खरा लोकरीचा किल्ट होता, आठशे दिरहमचा. "आठशे! म्हणजे नऊ हजारांच्या वर झाले की! यात आमच्याकडे मुंज होते," असं साडू इतक्या मोठ्यांदा म्हणाले की सेल्समनने तो परत घडी करून ठेवला. पण फुकट ते तिथूनही निघाले नाहीत. तो अंगाला लावून, किती वार लागले असतील, किती चुण्या आहेत, सगळं पारखून घेतलं. मग आमची वरात बर दुबईच्या कापडबाजारात.

साडूंची कापड बघायची रीत बघण्यासारखी होती. ते डोळ्यांनी बघतच नसत. आधी मुठीत चुरगाळायचं, मग सुटा धागा काढून काडीने पेटवून हुंगायचं आणि शेवटी गालावर घासायचं. "जे गालाला टोचतं ते माझ्या मांडीला चालेल का?" लोकर टोचली, शिवाय या उन्हात ती घालणं म्हणजे भट्टीत शेकोटी. सुती कापड गालाला गोड लागलं, पण मूठ सोडली तर त्याचा पार चोळामोळा, "दुपारपर्यंत पोतेरं होईल." निव्वळ पॉलिस्टर घामाने चिकटणार. अखेर एका सिंधी दुकानदाराने कोपऱ्यातला एक तागा ओढला. टेरिकॉटमधलं मिश्र कापड, मऊ, न चुरगळणारं, रोज धुवा रोज घाला, निळ्या-हिरव्या चौकटींचं आणि वाराला सहा दिरहम. साडूंनी गाल लावला आणि डोळेच मिटले.

"बेबी का हाइट कितना है, साब?" दुकानदाराने कात्री उचलत विचारलं.

"बेबी नहीं. मेरे लिए."

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी गंभीरपणे छताचा पंखा न्याहाळत राहिलो. शेजारच्या हैदराबादी टेलरने मापं घेतली, लांबी साडूंनी नडगीपर्यंत ठेवायला लावली, "देश कुठला, काही बघायला नको?" म्हणून. चुन्नटें किधर लेना, असं टेलरने विचारताच साडू कडाडले, "किधर म्हणजे? सामने! निऱ्या कधी मागे असतात का?" मघाशी दुकानात सगळं पारखलं होतं, पण पुढचं-मागचं बघायचं राहिलं होतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या निऱ्या पुढे बघितलेल्या आम्हा दोघांना त्यात शंका घ्यावीशीही वाटली नाही.

पुढच्या शुक्रवारी मी आणि बायको शिवलेला किल्ट घेऊन अल ऐनला गेलो. साडू तो नेसून बाहेर आले आणि अभ्यास करत बसलेली चिनू किंचाळलीच. "ओ माय गॉड! बाबा, दॅट्स माय स्कूल स्कर्ट!" होतं खरं तसंच. स्वस्त, टिकाऊ, मुबलक म्हणून शाळांनी जे कापड धरलं होतं, तेच स्वस्त, टिकाऊ, मुबलक म्हणून यांनी शोधून काढलं होतं. "यू कान्ट वेअर दॅट! एव्हरीवन विल लाफ!" पोर रडकुंडीला आली. साडू तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "हसू देत गं. हसले तर हसले, तू इथे परीक्षेला बसशील ना?" चिनू पाय आपटत आत गेली. शनिवारी सकाळी ताई उठून बघतात तो ती इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून बापाच्या किल्टची एकेक चुणी दाबून बसवत होती. ते तिला रोजच्या सवयीचं काम होतं, ताई सांगतात.

त्या दिवशी मला काही केल्या काम सुचेना. फोन वाजला की हातातली पावती टाकून मी धावायचो. बायकोने तर देव पाण्यात ठेवले होते. दुपारी फोन आला तो ताईंचा, आणि पलीकडून फक्त हुंदके. मी मनात म्हटलं, आटोपलं. तेवढ्यात त्या कशाबशा म्हणाल्या, "नाही हो, चांगलं झालं. सगळं चांगलं झालं!" हुश्श! मी गोदामात, हमालांच्या देखत, मटकन खुर्चीत बसलो.

झालं होतं ते असं. साहेबाने यांना केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि विचारलं, ही कुणाची चेष्टा? साडूंनी सगळी हकीकत सांगितली, चकल्यांसकट. मग साहेब खुर्चीवरून उठून त्यांच्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "पण तू हा उलटा घातलायस. चुण्या मागे असतात." आणि आमचे साडू, जिवावर बेतलं होतं तरी, म्हणाले, "सर, इन अवर साइड, ऑलवेज फ्रंट." साहेब हसता हसता खाली बसला. मग त्याने तिथेच त्यांना किल्ट फिरवून नीट घालायला लावला, सुटू नये म्हणून मोठी पिन मागवली आणि बाहेर येऊन सगळ्यांना बजावलं, या माणसाकडे टक लावून बघायचं नाही. साडूंनी जखमा भरेपर्यंत तो किल्ट रोज वापरला. चिनू परीक्षेला बसली, चांगल्या मार्कांनी पास झाली.

पण त्या दिवशी ताईंच्या हातून फोन दुपारच्या सुट्टीत घरी आलेल्या साडूंनी घेतला होता. मी म्हटलं, "काय भाऊ, जिंकलात!" नेहमीचे साडू असते तर मला अर्धा तास किल्टचा इतिहास ऐकवला असता. हे मात्र ताई आत गेल्यावर हळूच म्हणाले, "अरे, सकाळी गाडीतून पाय बाहेर निघेना माझा. पार्किंगमध्ये बसून होतो. पोरीचं वर्ष माझ्या उपद्व्यापांपायी जातंय, असंच वाटत होतं. हिला सांगू नकोस."

"नाही गेलं ना? मग झालं तर," मी म्हटलं.

आता ते पुण्याला असतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीपासून लिफ्टपर्यंत सगळं निम्म्या पैशात कसं होईल ते ठणकावून सांगतात, आणि लोक मला म्हणतात, तुमचे साडू म्हणजे कुणाच्या बापाला न भिणारा माणूस हो! मी हो म्हणतो. ताईंनाही मी अजून काही सांगितलेलं नाही.