निळ्या दाराची पिकअप

आमच्या कॉटन फोर्क गावात माणूस दिसत नाही, त्याची पिकअप दिसते. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, समोरच्यानंही उचलायचं; झाली विचारपूस. आत कोण बसलंय ते बघायच्या भानगडीत कुणी पडत नाही. मागे हार्लन गिब आठवडाभर इस्पितळात होता आणि त्याचा मेव्हणा त्याची गाडी फिरवत होता, तर हार्लनचं ऑपरेशन झालं हे कुणाला पटेचना. "अरं, कालच बोट केलं की त्यानं मला!"

हॉइट टॅडलॉकची पिकअप तर आंधळ्यानंही ओळखावी. मैलभरावरून तिचा सायलेन्सर खोकतो. अठ्ठ्याहत्तर सालची, वरून पांढरी, खालून हिरवी, आणि उजवं दार निळं. मूळचं दार एका बैलानं शिंगावर घेतलं, तेव्हा भंगारातनं हे आणलं. रंग पुढच्या आठवड्यात देणार होते. त्याला बावीस वर्षं झाली.

त्या गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यातून निम्म्या गावाचे संसार हललेत. पोरींची कपाटं, विधवांचे फ्रिज, आजारी वासरं, आणि एकदा चर्चचा पियानो, तोही वाजवणाऱ्या बाईसकट, कारण ती खाली उतरायला तयार नव्हती. मिस्टर हॉइट कुणाला नाही म्हणाले नाहीत. बोलायचेही कमीच. काही महत्त्वाचं सांगायचं असेल तर खुर्चीत बसून त्यांना जमायचं नाही. हौद्याच्या कडेवर दोन्ही कोपरं टेकवायची, आत पडलेल्या दोरीकडे बघायचं, मगच शब्द फुटायचे. तसे आमच्याकडचे सगळेच पुरुष. इथली लग्नं, जमिनी आणि भांडणं हौद्याच्या कडेवरच मिटलीत.

आत एकच लांब सीट. आता आमच्याकडे बाई पिकअपमध्ये कुठं बसते याला फार अर्थ असतो. खिडकीशी बसली तर बहीण, शेजारीण, नाहीतर रुसलेली बायको. मधे, चालवणाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून बसली, की पुढं काही विचारायचं नाही. मिस्टर हॉइटची बायको, मर्लकाकू, चव्वेचाळीस वर्षं मधे बसल्या. गिअरचा दांडा गुडघ्याला लागायचा तरी मधेच. सीटला तिथं खळगा पडला. त्या गेल्या त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून त्यांचा कुत्रा, जज, निळ्या दाराशी बसतो. पण खळग्यात तोही बसत नाही.

मी पशुखाद्याच्या दुकानात गल्ल्यावर असते, म्हणून हे सगळं मला आधी कळलं. मिस ओनेडा प्रूइट दर पंधरा दिवसांनी कोंबड्यांच्या दाण्याचं पोतं न्यायला यायच्या. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. चाळिशीच्या आतला गावातला प्रत्येक माणूस एकदा तरी त्यांच्या तोंडून "खाली बस!" ऐकून थरथरलेला. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली; 'मिस' आमच्याकडे मोठ्या वयाच्या कुठल्याही बाईला म्हणतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला माझ्या ध्यानात आलं, की त्या यायच्या त्याच दिवशी मिस्टर हॉइटनाही खिळे लागायचे. पोतं ते उचलून द्यायचे. एकदा मिस ओनेडा म्हणाल्या, "हॉइट, गुरुवारी दुपारी जेवायला या. भेंडी तळीन. एकटीसाठी कढई तापवायचा कंटाळा येतो."

त्या गेल्या आणि मिस्टर हॉइटनी मला बाहेर बोलावलं. कोपरं हौद्यावर टेकली.

"नडीन, मोठी पंचाईत झाली."

"जेवायला बोलावलंय, फाशी न्हाई दिली."

"जेवणाचं न्हाई गं. गाडीचं. तासभर गाडी तिच्या अंगणात दिसली, तर संध्याकाळपर्यंत गाव लग्नाची तारीख काढंल. बाईच्या नावाला उगा डाग. ती काय म्हणंल?"

"मग दुसऱ्याची गाडी न्या."

माझ्याकडे त्यांनी असं बघितलं, जसं काही मी त्यांना दुसऱ्याचे दात लावायला सांगितलंय.

शेवटी त्यांनी स्वतःच युक्ती काढली. गाडी चर्चसमोर लावायची आणि पुढचा पाव मैल चालत जायचं.

चालत! आमच्याकडे रस्त्यानं चालणारा माणूस म्हणजे संकटात सापडलेला माणूस. पहिल्या गुरुवारी शंभर पावलांत तीन गाड्या थांबल्या. "मिस्टर हॉइट, कुठं बंद पडली?" चौथा हार्लन. त्यानं ऐकूनच घेतलं नाही, दंडाला धरून आत बसवलं आणि उलट्या दिशेला माझ्या दुकानी आणून सोडलं. "ह्यांना बॅटरी दे गं एक!" मिस्टर हॉइट नव्या इस्त्रीच्या शर्टात, हातात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी, कानापर्यंत लाल. बॅटरी घेतली बिचाऱ्यांनी. भेंडी गार झाल्यावर पोचले.

पुढच्या गुरुवारपासून ते पाइनच्या झाडांमधनं मागच्या वाटेनं जायला लागले. माणूस झाकला. गाडी कशी झाकणार?

भर दुपारी, आडवारी, बंद चर्चसमोर हॉइट टॅडलॉकची पिकअप दोन-दोन तास उभी. हौद्यात जज झोपलेला. एक गुरुवार, दोन गुरुवार, तीन गुरुवार. गावानं हिशेब जुळवला: माणूस एकटा, वय बहात्तर, आणि दर आठवड्याला देवापाशी दोन तास. म्हणजे डॉक्टरनं काहीतरी सांगितलंय. कुणीतरी त्यांना विचारलं, "तब्येत कशी हाय?" ते म्हणाले, "बरी हाय की." झालं. आमच्याकडे पुरुष माणूस "बरी हाय" फक्त शेवटच्या दुखण्यात म्हणतो. एरवी गुडघ्यापासून सुरू करून सगळं सांगतो.

बायका लागल्या रांधायला. आठवड्यात सात भांडी मिस्टर हॉइटच्या ओट्यावर आली. कोंबडी घातलेला भात, रताळ्याचा खरवस म्हणावा असा गोड प्रकार, दोन प्रकारच्या शेंगा, पीचचं पक्वान्न. प्रत्येक भांड्याच्या बुडाला पट्टी चिकटवून बाईचं नाव लिहिलेलं, म्हणजे भांडं परत यावं. त्यांनी मुकाट्यानं घेतली. नको म्हणावं तर का नको ते सांगावं लागणार.

आणि मग रविवार उजाडला. ब्रदर एल्टन, आमचे पाळक, मनानं लोण्यासारखे आणि आवाजानं ढगासारखे. आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेची यादी वाचताना त्यांनी रुमाल काढला. "आपला भाऊ हॉइट गेले पाच गुरुवार देवाच्या दारात एकटाच झुंजतोय. त्याचं दुखणं त्यानं कुणाला सांगितलं न्हाई. चला, आपण त्याच्यासाठी उभं राहू."

सगळं चर्च उभं राहिलं. मिस्टर हॉइटही राहिले, दुसरं काय करणार. मी मिस ओनेडांकडे बघितलं. त्या गाणाऱ्यांच्या रांगेत होत्या. पाचही गुरुवारी हा माणूस कुठं होता आणि त्यानं भेंडी किती वेळा मागून घेतली, हे पृथ्वीवर त्यांना आणि मलाच ठाऊक. मिस्टर हॉइटनी तोंड उघडावं म्हणून त्या त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांनी तोंड उघडलं ते "आमेन" म्हणायला.

सोमवारी सकाळी त्या दुकानात आल्या. पोतं स्वतःच उचललं.

"त्याला सांग, गुरुवारी यायची गरज न्हाई."

"मिस ओनेडा, त्यांचा हेतू वाईट नव्हता."

"मरणाच्या दारात हाय म्हणून सगळ्या गावाला रडवलं त्यानं, पर माझ्या टेबलावर जेवतो एवढं सांगवंना! एवढी लाज वाटती माझी? नडीन, चाळीस फुटांची पिवळी बस चालवली मी. एकदाबी कशाच्या मागं लपवली न्हाई. माझ्या घराला अंगण हाय. ज्याला यायचं त्यानं अंगणात यावं, न्हाईतर येऊच नये."

निरोप दिला तेव्हा मिस्टर हॉइटची कोपरं हौद्यावर टेकली.

"लाज? मी तर तिचं नाव राखत होतो."

"राखू का म्हणून तिला विचारलं हुतं?"

त्यांनी टायरला उगाच एक लाथ मारली आणि गेले.

गुरुवारी साडेअकराला हार्लन धावत दुकानात आला. "हॉइटनं गाडी धुतली! कोण गेलं?" बावीस वर्षांत ती गाडी फक्त मर्लकाकूंच्या अंत्ययात्रेला धुतली होती. आम्ही बाहेर आलो. सायलेन्सर खोकत पिकअप मुख्य रस्त्यानं आली, मधोमध, बैलगाडीच्या चालीनं. दर दुकानासमोर मिस्टर हॉइट हॉर्न वाजवत होते. चर्च आलं, गेलं. ब्रदर एल्टन पायरीवर उभेच होते, उचललेला हात तसाच राहिला. मी दुकानाला कुलूप घातलं आणि हार्लनच्या गाडीत बसले. खिडकीशी, हे लिहून ठेवते.

आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो तेव्हा मिस्टर हॉइट मिस ओनेडांच्या अंगणात गाडी उलटी घेत होते. पार ओट्याला भिडवली. उतरले, हौद्याचा मागचा फाळका धाडकन खाली पाडला आणि टोपी हातात घेऊन उभे राहिले. मिस ओनेडा दारात आल्या, हाताची घडी घालून.

"माझ्या फुलांवर चाक हाय तुमचं."

"हाय."

"सगळं गाव बघतंय."

"बघू दे. म्हणून तर आणली." मग टोपी फिरवत म्हणाले, "लाज माझी हुती, ओनेडा. म्हाताऱ्याला हसतील म्हणून भ्यालो. तुझं नाव उगा पुढं केलं."

बाई आत गेल्या. दार आपटलं. मिस्टर हॉइटनी जजकडे बघितलं, जजनं मान वळवली. तेवढ्यात पायानं दार ढकलत त्या परत आल्या, दोन ताटं घेऊन. फाळक्यावर चढून बसल्या.

"बसा. भेंडी गार हुईल."

त्या दुपारी त्या रस्त्यानं जेवढ्या गाड्या गेल्या तेवढ्या सालभरात गेल्या नसतील. प्रत्येक गाडी मंदावायची, स्टिअरिंगवरचं बोट उठायचं. मिस्टर हॉइट काट्यासकट बोट उचलायचे. मिस ओनेडा अख्खा हात हलवायच्या, बस वळवतानाचा.

शुक्रवारी दोघं सात भांडी परत करायला निघाले. बुडावरची नावं वाचत, दारोदार. हौद्यात भांडी खडखडत होती. माझ्या दुकानासमोरून गाडी गेली तेव्हा मी आधी निळ्या दाराकडे बघितलं. खिडकीतून जज बाहेर डोकावत होता, नेहमीसारखा. आणि मधे, गिअरच्या दांड्याला गुडघा लावून, मिस ओनेडा बसल्या होत्या.

ब्रदर एल्टननी प्रार्थनेच्या यादीतलं मिस्टर हॉइटचं नाव स्वतःच खोडलं.