साठीतल्या बाई आणि सैल गाठीचा स्कार्फ

नेरूळच्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर राहायच्या. साठीच्या असतील. फोर्टातल्या एका फ्रेंच कंपनीत त्यांनी बरीच वर्षं टायपिंग केलं होतं. तिथल्या बायकांचं राहणं अंगात मुरलेलं. पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, फिकट सुती साडी, गळ्यात सैल गाठीचा स्कार्फ. भाजी आणायला निघाल्या तरी बघत राहावं.

एकदा मी विचारलंच. म्हणाल्या, "काही करत नाही गं मी. नको ते घालत नाही, एवढंच."

मुलाचं लग्न ठरलं. कमरेला पेजर लावलेला तो मुलगा माझ्यासमोरच त्यांना म्हणाला, "आई, लोक हसतात. सासरचे काय म्हणतील? चारचौघींसारखी राहा ना."

त्यांनी गळ्यातल्या स्कार्फची गाठ सोडली आणि त्याची घडी घातली.

लग्नात केस काळेभोर रंगवलेले, अंगावर जड जरीची साडी, गळाभर सोनं. विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "आता कशा घरच्या वाटताय!"

त्या हसल्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसल्या. पंगती उठल्या, मांडव रिकामा झाला, तरी हलेनात. मी जवळ गेले. "चला ना, गाडी थांबलीय."

"तू हो पुढे," त्या हळूच म्हणाल्या. "आज मला आणखी कुणी बघायला नको."